लाइसिते नावाची बोली

"मला ठाऊक नाही" एवढं म्हणायला माणसाला किती वेळ लागतो? चहाचा एक घोट गिळायला लागतो ना, त्याहून कमीच. मी एकदा तेवढा वेळ वाचवायला गेलो आणि त्यापायी आठ दिवस अख्ख्या गावाला एका भाषेची ओळख करून देत बसलो. भाषा अशी, की जी भाषाच नव्हती. हसा, हसा. पण आधी पुरतं ऐका.

सत्तेचाळीस सालचा हिवाळा सरत आला होता. इंग्रज जाणार हे पक्कं झालं होतं, फक्त कधी ते कोणाला सांगता येत नव्हतं. मी चोवीस वर्षांचा. घर गोंदियाचं, शिक्षण नागपूरचं, आणि नोकरी दवनीवाड्याकडच्या एका गावात शाळामास्तराची. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांची नातवंडं आता मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि माझं पेन्शन अजून चालू आहे.

आता मी नागपूरला असताना आमचे इतिहासाचे प्रोफेसर केळापुरे आठवड्यातून दोनदा फ्रेंचचा फुकट वर्ग घ्यायचे. ते तरुणपणी फ्रान्सला राहून आलेले. मी त्या वर्गाला एक वर्ष जाऊन बसलो. बसलो म्हणजे खरोखर बसलोच. त्यातून डोक्यात जे राहिलं ते बोटावर मोजण्याइतकं. पण गावात आल्यावर माझ्याआधी ही बातमी पोचली होती की नव्या गुरुजींना फ्रेंच येते. बातमी कोणी पोचवली हे विचारू नका. मीच.

पहिल्याच आठवड्यात सखाराम पाटलांनी मला घरी बोलावून भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. वजनदार माणूस, बोलणं थोडं, धानाची शेती मोठी. "यावर काय लिवलं हाय गुरुजी?" घड्याळावर फ्रेंच अक्षरं होती. मला एकच शब्द धड वाचता आला, 'ब्रेवेते'. मी अजिबात न अडखळता सांगितलं, "शूर माणसांसाठी बनवलेलं." पाटलांना ते फार आवडलं. या शब्दाचा अर्थ 'पेटंट घेतलेलं' असा आहे हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. तोवर पाटील गेले होते, शूरच गेले.

गावात तेव्हा एक भांडण पेटलं होतं, वाचनालयाचं. वाचनालय म्हणजे काय, तर पुस्तकांची एक मोठी पेटी. पण ती पेटी सगळ्या गावानं मिळून उभी केली होती. पाटलांनी पुस्तकं आणवली, तेंदूपत्त्याचा व्यापार करणाऱ्या युसुफचाचांनी सागाची पेटी दिली, गावाबाहेरच्या टोल्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, लोकांनी घरटी पायलीभर धान दिलं. आता पेटी ठेवायची कुठे? शाळेचं छप्पर गळकं. पाटील म्हणाले, मारुतीच्या देवळात. मंडप पक्का आहे, पाणी गळत नाही. टोल्यातल्या लोकांना त्या देवळाची पायरी चढू देत नसत. युसुफचाचा तर जाणारच नाहीत. त्यांनी आपलं गोदाम देऊ केलं, तर पाटलांकडची माणसं म्हणाली, तिथं आमी पाय ठेवणार नाही. तीन महिने हे चाललं होतं. पेटी तोवर माझ्या खोलीत होती आणि तिच्यावर मी जेवत होतो.

टोल्याच्या बाजूनं बोलायची ती भागरताबाई. पन्नाशीची विधवा, दोन एकर धान स्वतः करायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण पेटीसाठी धान गोळा करत घरोघरी तीच फिरली होती. ती एकदा शाळेच्या दारात येऊन मला म्हणाली, "गुरुजी, धान आमचं चालते, मंग आमचे लेकरं काऊन नाई चालत?" मी म्हटलं, विचार करतो.

विचार करून मी एवढंच ठरवलं की दुसऱ्या कोणाला तरी विचार करायला लावायचा. मी पाटलांना आणि चाचांना म्हटलं, नागपूरचे आमचे प्रोफेसर बोलावू, ते सांगतील ते दोघांनी ऐकायचं. दोघं कबूल झाले. मी प्रोफेसरांना भांडणाची सगळी हकीकत लिहिली आणि भाषणाला यायची विनंती केली.

त्यांचं कार्ड आलं. चार ओळी. "येतो. माझ्या भाषणाचा विषय लाइसिते हा राहील. फ्रान्समध्ये तिची परंपरा जुनी आहे. आपल्याला आता तिची फार गरज पडणार आहे."

कार्ड आलं तेव्हा मी चावडीवर बसलो होतो. पाटील होते, चाचा होते, भागरताबाई खालच्या पायरीशी उभी होती. मी कार्ड मोठ्यानं वाचलं. पाटलांनी विचारलं, "लाइसिते म्हणजे काय गुरुजी?"

हाच तो चहाच्या घोटाचा क्षण. मला ठाऊक नव्हतं. पण माझ्याकडे तिघं बघून राहिले होते, आणि डोक्यात कुठेतरी 'ओइल' असा एक जुना शब्द वाजला. ओइल, लाइ, लाइसिते. शिवाय कार्डात 'तिची परंपरा' असं लिहिलेलं. ती म्हणजे भाषाच असणार. प्रोफेसरांनी भांडणात न पडता सोयीचा विषय काढला, असं मला वाटलं. मी म्हटलं, "जुनी फ्रेंच भाषा आहे. मध्ययुगातली. रोमान्स कुळातली."

"म्हणजे?" चाचा म्हणाले.

आणि मग, गड्यांनो, मी सुटलो. कारण इथून पुढचं मला खरंच येत होतं. मी सांगितलं की रोमची लॅटिन भाषा मोडून तिच्या लेकी झाल्या, त्यांना रोमान्स भाषा म्हणतात. फ्रान्समध्ये तेव्हा एका अंगाला 'हो'ला 'ओक' म्हणत आणि दुसऱ्या अंगाला 'ओइल', आणि त्या भाषांना नावंच पडली त्या होकारावरून. ओकवाल्यांची भाषा नि ओइलवाल्यांची भाषा.

भागरताबाई ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे आपण हव म्हणतो तं आपली हवबोली."

"हव," मी म्हटलं.

"अन् पुन्याकडले हो म्हणतेत, तं त्यायची होबोली."

मी तुम्हाला सांगतो, नागपूरच्या वर्गात एवढं चटकन कोणाला कळलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की लाइसिते म्हणजे ती ओइलवाली भाषा, यात मला स्वतःलाच काही शंका उरली नाही.

दोन दिवसांत गावात ओइल सुरू झालं. पाटील गड्याला विचारत, बैल सोडले का, तर गडी म्हणे, ओइल. विहिरीवर बाया एकमेकींना ओइल म्हणून हसायच्या. वर्गात हजेरी घेताना पोरं "हजर" म्हणायची सोडून ओइल म्हणू लागली, आणि मी रागावलो नाही. उलट मनात म्हटलं, बघ बोपचे, तू आल्यापासून गाव कसं पुढे जाऊन राहिलं.

त्यात कोतवालानं दवंडी दिली. मी त्याला सांगितलं होतं, "जुन्या फ्रेंच भाषेवर भाषण आहे." त्यानं तीन गल्ल्या फिरेपर्यंत ते सुधारत नेलं. शेवटच्या वळणावर मी स्वतः ऐकलं, "आइका हो आइका, नागपूरचे पोफेसर येऊन राहिले, सगळ्यायले फ्रेंच बोली शिकवणार." मी दुरुस्त करायला हवं होतं. पण म्हटलं, गर्दी तर होईल.

गर्दी झाली. रविवारी दुपारी शाळेच्या अंगणात बसायला जागा उरली नाही. शाळा सरकारी, म्हणून तिथं सगळे आले. आंब्याच्या एका बाजूला पाटलांची माणसं, दुसऱ्या बाजूला टोला, मधे चाचा आणि त्यांच्या घरचे. प्रोफेसरांची बैलबंडी गोंदियाहून यायला उशीर झाला, म्हणून पाटील म्हणाले, तोवर गुरुजी, तुमीच बोला.

मी अर्धा तास बोललो. लॅटिनच्या लेकी, ओक, ओइल, दरबारात फिरून प्रेमाची गाणी गाणारे कवी. लाइसिते ही आमच्या झाडीबोलीची लांबची बहीण शोभेल, असं मी म्हणालो. दोन्ही बोली दरबारापेक्षा शिवारात जास्त शोभतात, आणि मोठ्या शहरातले लोक दोन्हींना हसतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात माझं यापेक्षा चांगलं भाषण झालं नाही. एकच उणीव होती, ते सगळं भलत्याच गोष्टीबद्दल होतं.

तेवढ्यात बंडी आली. प्रोफेसर उतरले, धुळीनं पांढरे झालेले, पाठ धरलेली. हार घालून घेतला, पाणी प्याले आणि म्हणाले, "लाइसितेची ओळख मास्तरांनी करून दिलीच असेल?"

"ओइल," सगळं अंगण एका सुरात म्हणालं.

प्रोफेसर चपापले. माझ्याकडे पाहिलं. मी मान लववली. वाटलं, खूश झाले. ते खुर्चीत बसत म्हणाले, "मग मी लांबण लावत नाही. बंडीनं हाडं खिळखिळी केली आहेत. तुम्ही विचारा, मी उत्तरं देतो."

पाटील उठले. मान त्यांचाच. "लाइसितेत देवाले काय म्हणतेत जी?"

प्रोफेसरांचा चेहरा उजळला. "फार मुद्द्याचा प्रश्न विचारलात. लाइसितेत देवाला काहीच म्हणत नाहीत. ज्यानं त्यानं आपल्या घरी, आपल्या देवळात काय म्हणायचं ते म्हणावं."

अंगणात कुजबुज झाली. देवाला शब्दच नाही अशी कोणती भाषा? मलाही जरा खटकलं. मी मनात म्हटलं, नंतर विचारून घेऊ.

चाचा उठले. "और अल्लाह को, साहब?"

"उनको भी कुछ नहीं. कोणालाच नाही. पण विरोधही नाही, हे नीट लक्षात घ्या."

चाचा पाटलांकडे बघून म्हणाले, "ये तो बराबर का मामला है," आणि बसले.

मग भागरताबाई उठली. सभेत बाई उठली म्हणून काही माना वळल्या, ती तिकडे बघायला गेली नाही. "साहेब, हे शिकायले किती दिवस लागतेत?"

"दिवस?" प्रोफेसर हसले. "बाई, फ्रान्सच्या लोकांना कितीतरी पिढ्या लागल्या. अजूनही त्यांना पुरती जमते असं नाही."

"मंग लेकरायले कवापासून शिकवावं?"

"शाळेत पहिल्या दिवसापासून. शाळेत, कचेरीत, चावडीवर. जे जे सगळ्यांचं आहे तिथे तिथे हीच चालली पाहिजे. घरात सक्ती नाही."

"आमच्या टोल्यातल्या लेकरायले येईन का?"

प्रोफेसर हळू म्हणाले, "त्यांना तर ती सगळ्यात आधी कळेल. ज्याला दाराबाहेर उभं केलेलं असतं ना, त्याला ती शिकवावी लागत नाही. दाराच्या आतल्यांना शिकवावी लागते."

आणि मला घाम फुटला. फेब्रुवारीच्या दुपारी, आंब्याच्या सावलीत, पाठीवरून ओघळ. कारण भाषा शिकायला दाराच्या आत-बाहेरचा काय संबंध? मी खुर्चीमागून वाकून विचारलं, "सर, लाइसिते म्हणजे नक्की..."

"राज्यानं धर्मापासून वेगळं राहावं आणि सगळ्यांना सारखं वागवावं, हे तत्त्व," ते म्हणाले. मग वळून माझ्याकडे पाहिलं. "बोपचे, तू यांना काय सांगितलंस?"

मी सांगितलं. कानात, चार वाक्यांत. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं पाठीत कळ आली. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मला कळलं की ते हसू दाबून राहिले. त्यांनी डोळे पुसले, गावाकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "पुढचं मास्तर सांगतील."

असं कोणी कोणाला करतं का? पण केलं त्यांनी.

मी उभा राहिलो. समोर सगळं गाव. खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं? "तर ही भाषा... ही जी भाषा आहे... ती बोलायला जागा अशी लागते, की जिथं कोणाचाच देव आधीपासून येऊन बसलेला नाही."

पाटील विचारात पडले. कपाळाला आठी घालून म्हणाले, "म्हणजे ते पुस्तकं देवळात ठेवून जमणार नाई."

"नाही," मी म्हटलं.

"अन् चाचाच्या गोदामात बी नाई. तिथं ते नमाज पढतेत."

"नाही."

"मंग गावात अशी जागा हाय कुठं?"

भागरताबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "कोंडवाडा हाय ना."

लोक हसले. कोंडवाडा म्हणजे मोकाट ढोरं कोंडायची सरकारी जागा. ती हसली नाही. "हसता काऊन? तिथं कोन्या घरचं ढोर येत नाई? पाटलाचं बी येते, चाचाची बकरी बी येते, माही गाय बी गेली होती पोळ्याले. सगळ्यायले एकच दावं. दारातली चौकीची खोली तं खालीच पडून हाय, कौलं बी चांगली हायेत."

पाटील चाचांकडे बघत होते, चाचा पाटलांकडे. तीन महिने ते दोघं एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हते. चाचा म्हणाले, "मुझे मंजूर है. मेरी बकरी को तो जगह मालूम है." पाटलांना हसू आलं, आणि पाटलांना आलं म्हणून सगळ्यांना आलं. त्याच संध्याकाळी दिवस असतानाच पेटी माझ्या खोलीतून उचलून कोंडवाड्याच्या चौकीत नेली. एका टोकाला पाटलांचा गडी, दुसऱ्या टोकाला टोल्यातला एक जण. मी त्या दिवशी मांडीवर ताट घेऊन जेवलो.

इथं गोष्ट संपली असती तर मी हिरो होतो. पण सभा उठता उठता पाटील म्हणाले, "गुरुजी, हे लाइसिते आता गावात शिकवाच. पुढच्या सोमवारपासून, शाळा सुटल्यावर. लिवा नावं." आणि त्यांनी स्वतःचं नाव पहिलं दिलं. मग चाचांनी. मग भागरताबाईनं. बघता बघता चौदा नावं झाली, सगळी मोठी माणसं. मी प्रोफेसरांकडे पाहिलं. ते आंब्याचा मोहोर बघून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंडीत बसताना ते एवढंच म्हणाले, "भांडण मिटलं, तुझं कौतुक. आता जाऊन खरं सांग. मी सांगितलं असतं, पण ते तुझं काम आहे."

मी आठवडाभर तयारी केली. कसली? खरं बोलायची. सोमवार उजाडला तसा मी दुपारी पाटलांच्या घरी गेलो. योगायोगानं चाचा तिथेच बसले होते, पान चाललं होतं; भागरताबाई बियाण्याच्या धानाचं विचारायला आली होती. म्हटलं बरं झालं, एकदाच मरू.

मी उभ्याउभ्याच बोललो. "पाटील, माझी चूक झाली. लाइसिते ही भाषा नाही. मला ठाऊक नव्हतं आणि मी ठाऊक असल्यासारखं सांगितलं. ओइल, ओक, ते सगळं वेगळं. लाइसिते म्हणजे सरकारनं कोणाच्या धर्मात पडायचं नाही, कोणाला झुकतं माप द्यायचं नाही, जे सगळ्यांचं आहे तिथं सगळ्यांना सारखं येऊ द्यायचं. भाषा नाही, तत्त्व आहे."

मी मान खाली घालून उभा राहिलो. पाटील म्हणाले, "ते तं समजलं होतं."

"कधी?"

"सभेतच. पोफेसर सायबानं सांगितलं ना. पयले तुमी अर्धा घंटा बोलले तवा काईच समजलं नव्हतं. त्यायनं दोन उत्तरं देल्ली अन् समजून गेलं."

मी चाचांकडे वळलो. चाचा म्हणाले, "मास्टरजी, ऐसी कौन सी जबान होती है जिसमें न राम है न अल्लाह? हम तो फ़ौरन समझ गए."

मला धड हसूही येईना, रडूही येईना. एक शेवटची आशा उरली होती, ती मी भागरताबाईकडे वळवली. "तुमालेही?"

"हव जी. मी तं तेच इचारून राहिली होती."

"मग," मी म्हटलं, आणि माझा आवाज जरा चढलाच, "भाषा नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तर शिकायला चौदा जणांनी नावं कायले दिली?"

पाटील अवघडले. पानाची शीर काढत बसले. चाचा छपराकडे बघू लागले. शेवटी भागरताबाईच बोलली, मायेनं, तापातल्या लेकराला समजवावं तशी.

"आमी शिकायले नाई देल्ले, गुरुजी. आमाले वाटलं, सगळ्या गावात तुमाले एकट्यालेच समजलं नाई. रोज घंटाभर आमी सोबत बसलो, तं समजन हळूहळू."